परिसराचे आचार्य पॅट्रिक गेडिस

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर ही चरित्रे बहुधा आपल्या देशातील, आणि पुष्कळदा आपल्याच ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची आली व ते योग्यच झाले. यंदा हे काम संपादक मंडळींनी आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही एका स्कॉटिश गृहस्थांचे नाव सुचविले. मंडळींना थोडा अचंबा वाटला. परंतु त्यांनी आडकाठी घेतली नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

हे नाव सुचविण्यास कारण घडले ते असे. आपल्या घरोघरच्या लहान मुलांच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ या नावाचे पुस्तक असते. मुले ते मोठ्या आवाजात पाठ करतात. आपल्या गावची नदी कोणती, असे विचारले तर पान उलटून उत्तर देतात. नदी मात्र कित्येकांनी पाहिलेली नसते. परिसराची विद्या दाराबाहेर पाऊल टाकल्यावाचून येत नाही, हे ज्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष करून दाखविले, ते सर पॅट्रिक गेडिस होत. त्यांच्या आयुष्याचा पाऊण दशकाहून मोठा कालखंड आपल्या देशाच्या सेवेत गेला; मुंबई विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले; होळकरांच्या इंदूर नगरीत तर त्यांनी असा एक प्रयोग केला की त्याची हकीगत प्रत्येक मराठी घरात सांगितली जावी. तरीही आपल्यांतील फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल.

इ.स. १८५४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस, म्हणजे महात्माजींच्या जन्माच्या बरोबर पंधरा वर्षे आधी, स्कॉटलंडातील बॅलटर या लहानशा गावी पॅट्रिक यांचा जन्म झाला. वडील अलेक्झांडर हे हायलंडर पलटणीतून निवृत्त झालेले लष्करी गृहस्थ. मूल लहान असतानाच हे कुटुंब पर्थ या गावी येऊन राहिले. टेकडीच्या उतारावर घर, घरासभोवार बाग, खाली नदी आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा, अशी ती जागा होती. वृद्ध वडील आणि बाळ पॅट्रिक दोघे मिळून बागेत खपत. पुढे जगातील नामांकित प्राध्यापकांचा सहवास त्यांस लाभला. पण आपले पहिले गुरू वडील आणि पहिली शाळा ती बाग, अशीच त्यांची आयुष्यभर भावना राहिली.

शालेय शिक्षण आटोपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी सुमारे दीड वर्ष बँकेत उमेदवारी केली. मुलाने सुरक्षित नोकरी धरावी ही बापाची इच्छा सर्व देशांत सारखीच! परंतु मन निसर्गाकडे ओढत होते. इ.स. १८७४ मध्ये ते वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले आणि एका आठवड्यात तेथून निघून आले. तेथील वाळलेल्या पानांची व पाठांतराची विद्या त्यांस रुचली नाही. त्यांनी थेट लंडन गाठले आणि डार्विनच्या उत्क्रांतिमताचे कडवे पुरस्कर्ते प्राध्यापक हक्सले यांचे शिष्यत्व पत्करले.

हक्सले यांच्या मोठेपणाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गोगलगायीच्या वर्गातील मृदुकाय प्राण्यांच्या जिभेवर बारीक दातांची पट्टी असते. ती कशी हलते याविषयी हक्सले यांचे एक ठाम मत होते. शिष्याने विच्छेदन करून पाहिले, तो गुरूचे मत चुकलेले. भीत भीत त्याने ते दाखविले. हक्सले यांनी स्वतः पुन्हा तपासून पाहिले, आपली चूक मान्य केली, आणि त्या शिष्याकडून तो निबंध लिहवून घेऊन छापविला. आम्ही अनेक वर्षे मास्तरकी केली. फळ्यावर आमची चूक दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही किती वेळा शाबासकी दिली, हे आठवू गेलो तर फारसे हाती लागत नाही.

पुढे फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील रोस्कॉफ येथील प्रयोगशाळेत त्यांनी एका हिरव्या चपट्या कृमीचा अभ्यास केला. हा प्राणी असूनही उन्हात झाडाप्रमाणे प्राणवायू सोडतो, असे त्यांनी दाखविले. त्याच्या शरीरात शेवाळाच्या पेशी वस्ती करून असतात आणि दोघे एकमेकांच्या आधाराने जगतात. जीवसृष्टीत स्पर्धा आहे तसे साहचर्यही आहे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला व तो पुढे त्यांनी प्राण्यांवरून माणसांच्या वस्तीपर्यंत नेला.

पंचविसाव्या वर्षी त्यांच्यावर मोठे संकट आले. इ.स. १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिको देशात गेले असता त्यांचे डोळे गेले. कित्येक आठवडे त्यांस अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. ज्याचे सारे भवितव्य सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर अवलंबून, त्या तरुणाची मनःस्थिती काय झाली असेल याची कल्पनाच करावी. एके दिवशी चाचपडत असता हात खिडकीच्या तावदानांवर पडला. चौकटीचे चौकोन बोटांना लागले. एकेका चौकोनात एकेक विचार ठेवावा, शेजारच्या चौकोनांशी त्याचा संबंध जुळवावा, अशी विचार करण्याची एक पद्धत त्यांस त्या अंधारात सुचली. पुढे ते कागदाला घड्या घालून असे चौकोन करीत आणि स्थळ, काम व लोक या तीन शब्दांची त्यांत मांडणी करीत. माणूस जेथे राहतो ते स्थळ त्याचे काम ठरविते, काम त्याचा स्वभाव घडविते, आणि उलट माणूसही आपले स्थळ सुधारतो किंवा बिघडवितो, असे हे सूत्र आहे. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे पुढे त्यांस झेपेना. लहानात लहान वस्तू पाहणारी नजर सक्तीने मोठ्या वस्तूंकडे, म्हणजे गावांकडे व शहरांकडे वळली.

एडिंबरोस परत येऊन ते वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवू लागले. इ.स. १८८६ मध्ये त्यांचा विवाह लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या ॲना मॉर्टन हिच्याशी झाला. नवविवाहित दांपत्याने बिऱ्हाड कोठे थाटावे? शहराच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या मोडकळीस आलेल्या, दाटीवाटीच्या व दुर्गंधीने भरलेल्या चाळवजा वाड्यात! सुस्थितीतील लोक ती वस्ती सोडून केव्हाच नव्या भागात गेले होते. या दोघांनी हातात केरसुणी व चुन्याची बालदी घेतली. आधी आपली खोली, मग जिना, मग चौक. खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या लावल्या. शेजारी प्रथम पाहत राहिले, नंतर एकेक करून हाताला हात लावू लागले. भाषण कोणी दिले नाही. गलिच्छ वस्ती पाडून टाकण्यापेक्षा तीत राहावयास जाऊन ती बरी करावी, ही त्यांची पद्धत येथे प्रथम दिसली. ॲनाबाई संगीत शिकलेल्या, संपन्न घरात वाढलेल्या. त्यांनी हे सारे पत्करले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी जेवढी मांडावयास हवी तेवढी मांडली नाही असे आम्हांस वाटते. पतीने पैशाचा हिशेब कधी नीट ठेवला नाही. तो संसार व त्या संस्था तगून राहिल्या त्या या बाईंच्या टापटिपीमुळे.

इ.स. १८८८ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यासन रिकामे झाले. गेडिस यांनी अर्ज केला, मातबर शास्त्रज्ञांची शिफारसपत्रे जोडली, आणि ते अध्यासन दुसऱ्यास मिळाले. येथे आम्हांस जे सांगावयाचे ते हे की, या मनुष्याने आयुष्यात एकही विद्यापीठीय पदवी परीक्षा देऊन मिळविली नव्हती. हक्सले यांचा शिष्य, शोधनिबंधांचा कर्ता, पण नावापुढे अक्षरे नाहीत. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा या मुद्द्यावर आमचे मन थोडे अधिक रेंगाळते, हे वाचकांनी समजून घ्यावे. सुदैवाने मार्टिन व्हाइट नावाच्या एका स्नेह्याने डंडी येथील महाविद्यालयात त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण केले. अट अशी की वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवावयाचे. उरलेले नऊ महिने मोकळे. ही नोकरी त्यांनी इ.स. १९१९ पर्यंत, तीस वर्षे केली, आणि त्या नऊ महिन्यांतच त्यांचे खरे कार्य झाले.

त्या कार्याचे केंद्र म्हणजे एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक उंच इमारत. इ.स. १८९२ मध्ये गेडिस यांनी ती ताब्यात घेतली आणि तिचे नाव ‘आउटलुक टॉवर’ असे ठेवले. आपण तिला दर्शन-मनोरा म्हणू. तिच्या माथ्यावर पूर्वीपासूनच एक अंधारी खोली होती. छतावरील आरसा व भिंग यांच्या योगाने बाहेरच्या शहराचे हलतेचालते, रंगीत चित्र आत एका पांढऱ्या मेजावर उमटे. गेडिस पाहुण्यांना घाईघाईने जिने चढवून थेट तेथे नेत. धाप लागलेली असताना माणसाची नजर अधिक टवटवीत असते, असे त्यांचे म्हणणे. रोज ज्या रस्त्याने जातो तो रस्ता, बाजार, धुराडी, दूरची खाडी, सारे एका मेजावर पाहून माणूस थक्क होई. मग बाहेरच्या गच्चीवर उघड्या डोळ्यांनी तेच दृश्य. मग एक लहानशी खोली, तीत केवळ एक खुर्ची. तेथे बसून पाहिलेल्याचा विचार करावयाचा.

त्यानंतर एकेक मजला खाली उतरावयाचे. पहिल्या खालच्या मजल्यावर एडिंबरो शहर, त्याचे नकाशे, त्याचा इतिहास, त्याची आजची दुखणी. त्याखाली स्कॉटलंड. त्याखाली इंग्रजी भाषा बोलणारे देश, त्याखाली युरोप, आणि अगदी तळमजल्यावर सारे जग. आपल्या पाठ्यपुस्तकांत भूगोल पृथ्वीच्या गोलापासून सुरू होई आणि वर्ष संपेतो आपल्या तालुक्यापर्यंत पोचतच नसे, हे ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. गेडिस यांनी हा क्रम बदलला. जे पायाखाली आहे त्यापासून आरंभ, आणि जग शेवटी. शाळेतील मुले, शिक्षक, कामगार, दूरदूरचे प्राध्यापक त्या मनोऱ्यावर येऊन गेले. एडिंबरोत ते उन्हाळी वर्गही भरवीत. त्यांत सकाळी व्याख्यान आणि नंतर टेकड्यांवर, किनाऱ्यावर, जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडणे, असा क्रम असे. जुन्या शहरातील मोकळ्या पडलेल्या, उकिरडे झालेल्या जागा हेरून तेथे मुलांसाठी बागा करण्याचे काम पुढे त्यांची कन्या नोरा हिने अंगावर घेतले.

डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या एका खोऱ्याचे चित्र काढून ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत. वर खाणकामगार, खाली लाकूडतोड्या, मग शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी, आणि किनाऱ्याशी कोळी. प्रत्येकाचा धंदा त्या त्या जमिनीने व पाण्याने दिलेला. आणि हे सर्व एकाच नदीने बांधलेले. वर कोणी जंगल तोडले तर खाली कोणाच्या शेतात गाळ येतो, हे त्या एका चित्रात मुलाला दिसे. पर्यावरण हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्या शब्दातील अर्थ शाळकरी मुलास कळेल असा त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. शिक्षणात प्रथम हृदय, मग हात आणि शेवटी डोके, हा त्यांचा क्रम होता. परीक्षांवर त्यांचा मोठा राग. या बाबतीत एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही एकदा चौथीच्या मुलांना पाणी कोठून येते ते दाखविण्यासाठी ओढ्याच्या उगमापर्यंत नेले. मुले चिखलाने माखून परतली. त्याच दिवशी तपासणीस साहेब आले होते. वर्ग रिकामा पाहून त्यांनी शेरा मारला, तो आमच्या सेवापुस्तकात अखेरपर्यंत राहिला. गेडिस यांचे चरित्र तेव्हा वाचलेले असते तर तो शेरा आम्हांस इतकी वर्षे टोचला नसता.

भारताशी त्यांचा संबंध इ.स. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनापासून जडला. तेथे ते अभ्यासवर्ग चालवीत असता भगिनी निवेदिता यांनी काही काळ त्यांच्या हाताखाली काम केले. स्वामी विवेकानंद व जगदीशचंद्र बोस हेही त्या वर्षी तेथे आले होते. बोस यांच्याशी पुढे त्यांची दृढ मैत्री झाली आणि इ.स. १९२० मध्ये गेडिस यांनीच बोस यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

इ.स. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांस बोलाविले. वय साठ. शहरांच्या वाढीचे नकाशे, चित्रे व आराखडे यांचे एक मोठे प्रदर्शन त्यांनी कित्येक वर्षे खपून जमविले होते. युरोपात त्यास मानाचे पारितोषिकही मिळाले होते. ते प्रदर्शन ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या बोटीवर चढविले आणि स्वतः थोरला मुलगा ॲलास्डेअर याजसह दुसऱ्या बोटीने निघाले. महायुद्ध पेटलेले होते. ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबर महिन्यात ‘क्लॅन ग्रँट’ बुडविली आणि सारे प्रदर्शन समुद्राच्या तळाशी गेले. दुसरा कोणी असता तर परतीची वाट धरता. गेडिस यांनी मित्रांना पत्रे लिहिली, मायदेशी नवे नकाशे गोळा करविले, आणि इ.स. १९१५ च्या जानेवारीत मद्रासेत प्रदर्शन उघडलेसुद्धा!

त्यानंतरच्या काळात त्यांनी तंजावर, मदुरा, बडोदे, लखनौ, लाहोर, डाक्का अशी कितीतरी शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांवर अहवाल लिहिले. तेव्हाच्या इंजिनियर साहेबांचा खाक्या असा की, जुनी दाट वस्ती दिसली की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखावयाचा आणि मधली घरे पाडावयाची. त्या घरांतील माणसे कोठे जातील हा प्रश्न पट्टीच्या बाहेरचा. गेडिस गल्लीत शिरत, प्रत्येक घर, विहीर, देऊळ, झाड नकाशावर टिपीत. मग एखादी पडकी भिंत काढावी, एखादी मोकळी जागा साफ करून तेथे पार बांधावा, एक बोळ थोडा रुंद करावा, एवढ्यावर भागवीत. घरे वाचत आणि खर्चही पुष्कळ कमी होई. कुशल वैद्य जसा हातपाय न कापता गळू तेवढे फोडतो, तशी ही शस्त्रक्रिया होती. डास होतात म्हणून तलाव बुजवा, असे अधिकारी म्हणत. गेडिस म्हणत, तलावात मासे सोडा, बदके पाळा. तलाव गावाला गारवा देतो आणि पावसाळ्यात पुराचे पाणी पोटात घेतो. आपल्या शहरांतील किती तलाव त्यानंतर बुजविले गेले, आणि पावसाळ्यात ते पाणी आता कोठे शिरते, हे वाचक जाणतातच. आपल्या अंगणातील तुळशीवृंदावनाचे त्यांस मोठे कौतुक वाटे. नीटनेटक्या घराची खूण म्हणून ते तुळशीकडे बोट दाखवीत.

इ.स. १९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात काळवर्ष म्हणून आले. ॲलास्डेअर हा त्यांच्या शिक्षणपद्धतीचा जणू पहिला विद्यार्थी. त्यास लहानपणी शाळेत न घालता बागेत, शेतावर, समुद्रावर वाढविले होते. युद्धात तो फुग्यातून उंच जाऊन शत्रूच्या हालचाली टेहळण्याचे काम करी व मेजरच्या हुद्द्यास पोचला होता. एप्रिल महिन्यात फ्रान्सच्या रणभूमीवर तो मारला गेला. ही वार्ता भारतात आली तेव्हा ॲनाबाई तापाने अंथरुणास खिळलेल्या होत्या. गेडिस यांनी ती त्यांस कळू दिली नाही. मुलाची जुनी पत्रे ते त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवीत. जून महिन्यात कलकत्त्यास ॲनाबाई वारल्या. मुलगा आपल्या आधी गेला हे त्यांस अखेरपर्यंत कळले नाही.

अशा स्थितीत, त्रेसष्टाव्या वर्षी हा एकाकी मनुष्य इंदूरला कामास लागला होता. तुकोजीराव होळकर महाराजांच्या दरबाराने शहराच्या सुधारणेचा आराखडा त्यांजकडे सोपविला होता. शहरात प्लेग व हिवताप यांचा कहर. गेडिस नकाशा हाती घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागले, तो लोक त्यांस पाहून दूर सरू लागले. हा म्हातारा साहेब प्लेग आणतो, अशी कंडी पिकली होती. साहेब आला की घरे पाडतात, एवढेच लोकांस ठाऊक. त्यांचा तरी काय दोष? गेडिस यांनी दरबाराकडे एक चमत्कारिक मागणी केली, आपणांस एक दिवसाचा महाराजा करावे. आणि ती मान्य झाली!

शहरात जाहीर करण्यात आले की, यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ ठेवतील व डागडुजी करतील, त्या भागातून ती जाईल. दारची घाण फुकट उचलून नेण्याची व्यवस्था झाली. मग काय विचारता! एकेका आळीत चुरस लागली. हजारो गाड्या केरकचरा शहराबाहेर गेला. भिंतींना चुना लागला, दारे रंगली, उंदीर पकडण्याचे सापळे घरोघर लागले. दंडाच्या भीतीने जे वर्षानुवर्षे घडले नव्हते ते सणाच्या ओढीने काही दिवसांत घडले.

मिरवणुकीत अग्रभागी लवाजमा, हत्ती, घोडेस्वार, सुगीची दृश्ये व लक्ष्मी. त्यामागून कर्कश वाद्यांच्या गोंगाटात अस्वच्छतेचा राक्षस, रोगराईची सोंगे आणि प्लेगचा एक अवाढव्य उंदीर. आणि त्यानंतर शहराचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरी वस्त्रे ल्यालेले, हाती नव्या केरसुण्या, गळ्यांत फुलांचे हार. त्यांच्या गाड्या धुतलेल्या, बैलांची शिंगे रंगविलेली. त्यांच्या मागून इंदूर नगरीची देवता, तिच्यासोबत नव्या शहराचा आराखडा, पुढे व्हावयाच्या वाचनालयांच्या व इमारतींच्या प्रतिकृती, गवंडी, सुतार आदी कारागीर. आणि शेवटच्या गाडीवरून लोकांस वाटली जाणारी तुळशीची रोपे. रात्री त्या राक्षसाचे व उंदराचे दहन झाले.

हा प्रसंग एका ज्ञातीच्या ग्रंथात लिहिताना आमची लेखणी क्षणभर थांबली. त्या काळी आपल्या आजे-पणजे मंडळींच्या अंगणात या सफाई करणाऱ्या माणसांस कोठपर्यंत येऊ दिले जाई आणि त्यांच्या ओंजळीत पाणी कसे ओतले जाई, हे ज्येष्ठांनी ऐकलेले आहे; काहींनी पाहिलेही आहे. लक्ष्मीच्या मिरवणुकीत त्यांस हार घालून चालविण्याचे एका परकीयास सुचले. शहर ज्यांच्या हातांनी नीट राहते त्यांस विद्येच्या व सन्मानाच्या बाहेर ठेवून परिसराची गोष्ट बोलता येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या गुणगौरव समारंभात आपण कोणाकोणास व्यासपीठावर बोलावतो, हा प्रश्न आम्ही कार्यकारी मंडळापुढे अदबीने ठेवीत आहोत.

त्या वर्षी प्लेग ओसरला. ऋतूही पालटत होता, म्हणून सारे श्रेय मिरवणुकीस देणे बरोबर होणार नाही. पण लोक त्या म्हाताऱ्या साहेबाला पाहून दूर सरण्याचे मात्र थांबले. इ.स. १९१८ मध्ये इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मैला व सांडपाणी प्रचंड खर्चाच्या गटारांतून नदीत सोडण्यापेक्षा बागांना व शेतांना खत म्हणून द्यावे, असे त्यात त्यांनी सुचविले आहे. त्यात एका नव्या विद्यापीठाचाही आराखडा होता; तो मात्र कागदावरच राहिला.

इ.स. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग उघडला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांची नेमणूक केली. पदवी नसलेला मनुष्य पदवीधरांचा प्राध्यापक झाला. हे अध्यापन फार यशस्वी झाले असे मात्र म्हणवत नाही. ते दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, एका विषयातून दुसऱ्यात उडी घेत, घडीच्या कागदांवरील त्यांच्या आकृत्या विद्यार्थ्यांस उमगत नसत. ग्रंथ लिहावयास घेत आणि अर्धे टाकून देत. गुरूचे गुण सांगताना दोष झाकणे हे आम्ही शिक्षकधर्मास सोडून मानतो. तरीपण पारख मोठी होती. आपल्या मालवणचे संस्कृत शिकलेले एक तरुण त्यांच्याकडे आले. मुंबई शहराविषयी त्यांनी लिहिलेला निबंध पाहून गेडिस यांनी त्यांस हेरले व विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीने ते विलायतेस गेले. हे तरुण म्हणजे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. इ.स. १९२४ मध्ये तेच या विभागाचे प्रमुख झाले, आणि आपल्या देशातील समाजशास्त्राच्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. गुरू रस्ते व झाडे पाहणारे, शिष्य ग्रंथ व जाती यांचा अभ्यास करणारे. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण गुरूने त्याचा विषाद मानल्याचे कोठे आढळत नाही. हक्सले यांच्याकडून ते हेच तर शिकले होते.

याच काळात रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह जडला व विश्वभारतीच्या रचनेविषयी दोघांत विचारविनिमय झाला. धाकटा मुलगा आर्थर याने तेथे ग्रामसुधारणेचे काम केले. जेरुसलेम येथील विद्यापीठाचा आणि तेल अवीव शहराचा आराखडाही गेडिस यांनी केला. प्रकृती ढासळल्यामुळे इ.स. १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

उरलेले आयुष्य त्यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए गावाजवळ काढले. खडकाळ उजाड माळ विकत घेऊन तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व मनोरा बांधला, आणि स्वतःच्या हातांनी दगड रचून, वाफे करून बाग उठविली. इ.स. १९१२ च्या सुमारास सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली होती. इ.स. १९३२ च्या प्रारंभी ती पुन्हा आली, तेव्हा त्यांनी घेतली. त्यासाठी लंडनच्या हिवाळ्यात जावे लागले व तेथून ते आजारीच परतले. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्या बागेच्या शेजारच्या घरात वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. एडिंबरोचा तो मनोरा आजही उभा आहे. आता तेथे करमणुकीची प्रदर्शने भरतात. परंतु माथ्यावरच्या अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर खालच्या रस्त्याचे चित्र अजून उमटते, आणि मुले त्या चित्रातील चालत्या माणसांना कागदाच्या कपट्यावर उचलून पाहतात.